बगळ्याचं तबक

किमिकोचं पाकीट आलं तेव्हा बाबा पडवीत बसून एका पाटावर चिंचोक्याची खळ चढवत होते. पोस्टमन मला फाटकातच भेटला होता. खांद्यावरचं दप्तर न उतरवताच मी पाकीट फोडलं, आतलं कार्ड काढलं आणि मागचा मजकूर वाचायला लागले.

"चित्र हय कर बघू," बाबा म्हणाले.

मी कार्ड उलटं केलं. त्यांनी आधी ओल्या फडक्याला आणि मग कोरड्या पंच्याला हात पुसले, कार्डाच्या कडा दोन बोटांत धरल्या आणि ते उजेडात नेलं.

कार्डावर एक बगळा होता. लव्हाळ्यात एका पायावर उभा, मान आत ओढून घेतलेली. बाकी काही नाही. बाबा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

"पाणी खय आसा?" त्यांनी विचारलं.

"ह्या काय, पायाखाली."

"पायाखाली नुसतो कागद आसा. तेनी पाणी काढूकच नाय. तरी दिसता."

मला त्यात विशेष काही वाटलं नाही. किमिकोच्या मांजरीला चार पिल्लं झाली होती आणि त्यातलं एक पूर्ण काळं होतं, हे मला आईला सांगायचं होतं.

हे सावंतवाडीतलं, एकोणीसशे त्र्याहत्तर सालचं. मी नववीत होते. आदल्या वर्षी आमच्या मिराशी मास्तरांनी कुठूनतरी जपानी मुलामुलींच्या पत्त्यांची यादी आणली आणि इंग्रजी सुधारावं म्हणून वर्गातल्या प्रत्येकाला एकेक पत्ता वाटला. बाकीच्यांची पत्रं दोन-तीन महिन्यांत थांबली. माझं आणि किमिकोचं चालू राहिलं, त्याचं कारण बहुधा तिची कार्डं. तिच्या आजोबांचं समुद्राकाठच्या एका लहान गावात वह्या-कागदांचं दुकान होतं आणि तिथल्या खालच्या खणांत युद्धाच्या आधीची, न विकली गेलेली चित्रांची कार्डं पडून होती. कडा पिवळ्या पडलेल्या, कागद जाड, रंग मात्र कालच छापल्यासारखे. आजोबा त्यातलं एकेक कार्ड तिला काढून देत. चित्रावर शिक्का बसू नये म्हणून ती ते पाकिटात घालून पाठवायची आणि मागे शाळेतल्या इंग्रजीत चार ओळी लिहायची.

सावंतवाडीत पाठवण्यासारखी कार्डं मिळत नव्हती. आम्ही चितारी. बाबा लाखेचं काम करत. पाट, चौरंग, खेळणी आणि कोणी सांगितलं तर दशावतारी गंजिफाही. गंजिफाचे गोल पत्ते रंगवताना एखाद्याची रेघ चुकली तर तो बाजूला टाकला जाई. मी किमिकोला तेच पाठवत असे. एकदा तिने लिहिलं की मत्स्यावताराचा पत्ता आजोबांनी दुकानातल्या काचेखाली ठेवला आहे आणि येणाऱ्या गिऱ्हाइकाला ते तो दाखवतात. मी हे बाबांना वाचून दाखवलं. "तेची शेपटी चुकलेली हा," ते म्हणाले. पण पुढचा पत्ता त्यांनी मुद्दाम नीट रंगवून दिला.

बाबांना इंग्रजी येत नव्हतं. किमिकोचं प्रत्येक पत्र मीच त्यांना मराठीत करून सांगायची.

बगळ्याचं कार्ड त्यांनी माझ्याकडून मागून घेतलं आणि कामाच्या जागेसमोर भिंतीला टेकवून ठेवलं. महिनाभर ते जेवणानंतर पाटीवर खडूने तो बगळा काढत आणि पुसत. मग एक दिवस त्यांनी फणसाच्या लाकडाचं गोल तबक घेतलं, त्याला काळा रंग दिला आणि खारीच्या केसांच्या बारीक कुंचल्याने पांढरा बगळा काढला. पाणी त्यांनीही काढलं नाही. वरून लाख चढली तेव्हा तो काळा भाग खरोखरच पाण्यासारखा दिसायला लागला. आईने ते तबक हातात घेतलं आणि म्हणाली, "ह्या इकूक नको." बाबा हसले. त्या दिवसांत ते फारसे हसत नसत. बाजारात प्लॅस्टिकची खेळणी आली होती आणि मुंबईला पाट्या रंगवायच्या कारखान्यात असलेले त्यांचे चुलतभाऊ दर पत्रात लिहीत, की इकडे निघून या, जागा ठेवली आहे.

दिवाळीच्या आधी गद्रे साहेब आले. हस्तकलेचं काम बघणारे ते अधिकारी. मुंबईच्या एका प्रदर्शनासाठी जिल्ह्यातून वस्तू निवडत होते. बाबांनी पाट दाखवले, लाकडी फळं दाखवली. गद्र्यांनी सगळ्याला मान डोलावली आणि कोपऱ्यातलं तबक उचललं.

"हे कोणाचं?"

"माजाच," बाबा म्हणाले.

गद्र्यांनी पिशवीतून छापील फॉर्म काढला. तो इंग्रजीत होता. नाव, गाव, वस्तू, लाकूड कुठलं, आणि शेवटी चित्राची कल्पना कोणती, यापुढे तीन चौकोन. पारंपरिक, स्वतंत्र, आणि दुसऱ्याच्या चित्रावरून.

"मुलगी इंग्रजी शिकते ना? तिच्याकडून भरून घ्या. मी चहा पितो तोवर," गद्रे म्हणाले. मग मला म्हणाले, "बक्षिसं पहिल्या दोन गटांना असतात हो बाळ. तिसऱ्यातला माल नुसता मांडतात."

मी बाबांकडे पाहिलं. ते गद्र्यांसाठी चौरंग पुसत होते.

"बाबा, चित्र कोणाचा म्हणान विचारल्यानी हा. काय लिवू?"

"जा आसा ता लिव," ते पाठमोरेच म्हणाले.

मी दुसऱ्या चौकोनात खूण केली. बाबांनी खाली मराठीत सही केली, भिकाजी रामा चितारी, आणि गद्रे तबक वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन गेले.

डिसेंबरात बाबांना पहिलं बक्षीस मिळालं. गद्रे स्वतः इंग्रजीतलं प्रशस्तिपत्रक घेऊन आले. मुंबईच्या एका मोठ्या दुकानाने तसल्याच दोनशे तबकांची ऑर्डर दिली होती, तीही त्यांनीच आणली. बाबांनी प्रशस्तिपत्रक काचेत बसवून पडवीत लावलं. "काय लिवला हा?" त्यांनी मला विचारलं. "पहिलो नंबर," मी सांगितलं. ते खरंच होतं. त्याच्या खाली 'स्वतंत्र कल्पनेसाठी' असंही होतं, तेवढं मी सोडून दिलं.

मुंबईच्या चुलतभावांना नकाराचं पत्र गेलं. आई सकाळपासून खळ चढवायला बसायची, मी शाळेतून आल्यावर तबकांचे काठ रंगवायची, बगळे मात्र सगळे बाबांचेच. त्या दोन-तीन महिन्यांसारखं आमचं घर मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. बाबा काम करताना दशावतारातली पदं म्हणायचे.

गद्र्यांनी वर्तमानपत्राची दोन कात्रणं दिली होती, एक मराठी, एक इंग्रजी. दोन्हींत तबकाचा फोटो होता; मराठीत त्याखाली नुसतं बाबांचं नाव आणि गाव. इंग्रजी कात्रण मी किमिकोला पाठवलं. का पाठवलं, असं मला नंतर पुष्कळांनी विचारलं. मला ते दाखवायचं होतं, एवढंच. तुझ्या कार्डामुळे आमचं काय झालं बघ, असं. कात्रणात काय छापलं आहे, ते मी पाठवताना नीट वाचलंही नव्हतं.

उत्तर फेब्रुवारीच्या मधल्या आठवड्यात आलं. पाकीट पातळ होतं, आत कार्ड नव्हतं. एकच कागद.

बाबा, आई दोघंही समोर होती. आईने हातातलं काम ठेवलं. बाबा म्हणाले, "वाच."

मी आधी मनात वाचलं. किमिकोने लिहिलं होतं: 'आजोबांनी फोटो खूप वेळ पाहिला. तो बगळा त्यांचा आहे. ते तीस वर्षांचे होते तेव्हा त्यांनी बारा चित्रं काढली आणि छापली. छापायचे लाकडी ठसे युद्धात जळाले. आमच्या घरात त्या बगळ्याची ती एकच प्रत होती. ती त्यांनी तुला दिली, कारण तुझे वडील चित्रकार आहेत. वर्तमानपत्रात लिहिलं आहे की ही कल्पना तुझ्या वडिलांची आहे. मी हे आजोबांना सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत आणि जेवले नाहीत. आई म्हणते, सगळी कार्डं परत माग. म्हणून मागते आहे. तुला तर माहीत होतं.'

"काय झाला?" आईने विचारलं.

"काय नाय," मी म्हणाले. "अक्षर लागत नव्हता."

आणि मी वाचायला सुरुवात केली. कागदावर नजर ठेवून, एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर बोट नेत. आजोबांनी फोटो खूप वेळ पाहिला. तो बगळा त्यांनीच काढलेला आहे, ते तीस वर्षांचे असताना. इथपर्यंत खरं होतं. पुढे मी म्हणाले, "ते म्हणतात, इतक्या लांब माझा बगळा गेला याचं फार बरं वाटलं. ते म्हणतात, पाय तुझ्या वडिलांनी माझ्यापेक्षा चांगला काढलाय."

बाबांनी दोन्ही तळहातांनी तोंड पुसलं. 

"तेंनीच काढलेलो," ते आईला म्हणाले. "तो म्हातारोच कारागीर. आणि माका वाटलेला, खयचो तरी कारखानो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पायाचा परत वाच."

मी परत वाचलं. तेच शब्द परत यावेत म्हणून मला आठवावं लागलं.

त्या संध्याकाळी त्यांनी मला उत्तर लिहायला बसवलं. पाणी न काढता कसं दाखवलं, पांढऱ्यात काय मिसळलं होतं, ठशाला कुठलं लाकूड घेतलं होतं, असे सात-आठ प्रश्न त्यांनी सांगितले. मी ते सगळे लिहिले. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना तो कागद फाडून मी मोती तलावात टाकला. पत्र पोस्टात टाकलं, असं घरी सांगितलं.

चार दिवसांनी शाळेतून आले तेव्हा बाबा काम करत नव्हते. पडवीत तयार तबकांची उतरंड होती आणि ते तिच्याशेजारी भिंतीला टेकून बसले होते. आई आत होती. चूल पेटलेली नव्हती.

"मिराशी मास्तरांकडे गेल्लंय," ते म्हणाले. "ता पत्र घेवन."

मी दारातच थांबले.

"माका परत ऐकूचा होता. तू शाळेत होतंस. मास्तर सुटयेर होते, म्हटला, तेंनाच वाचूक सांगूया. मास्तरांकपण बरा वाटात." त्यांनी खिशातून पत्र काढलं आणि समोर जमिनीवर ठेवलं. "मास्तरांनी वाचल्यानी. मी तेंका सांगितलंय, तुमका समाजला नाय, परत वाचा. तेंनी परत वाचल्यानी."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. ते मला कधी मारत नसत आणि त्या दिवशीही मारलं नाही.

"फॉर्मार काय लिवलंस?"

"स्वतंत्र."

"म्हणजे?"

"तुमच्या मनातला. कोणाचा बघून काढूक नाय, असा."

"मी काय सांगितलेलंय?"

"जा आसा ता लिव."

"मग?"

मला रडू येत नव्हतं. मी म्हणाले, "तुमी मुंबयक गेला असतात."

 आई आतून दाराशी येऊन उभी राहिली होती.

"मुंबयक माणसां जातत," बाबा म्हणाले. "तेतूर लाज नाय." आणि मग म्हणाले, "वही घी."

त्या दिवशी मी दोन पत्रं लिहिली. पहिलं मराठीत, गद्र्यांना. त्यात बाबांनी लिहायला लावलं, की चित्र माझं नाही, जपानमधल्या एका कारागिराचं आहे, फॉर्म चुकीचा भरला गेला, त्याची जबाबदारी सही करणाऱ्याची म्हणजे माझी. मी म्हटलं, "माजा नाव घाला." ते म्हणाले, "सही कोणाची आसा?"

दुसरं पत्र आजोबांना. ते बाबांनी मराठीत सांगितलं, मी इंग्रजीत केलं, आणि मग ते दोन्ही कागद घेऊन मिराशी मास्तरांकडे गेले. माझं भाषांतर तपासून आणलं. मास्तरांनी दोन ठिकाणी लाल शाईने दुरुस्ती केली होती, दोन्ही व्याकरणाच्या. मी परत स्वच्छ लिहिलं, तर तेही तपासून आणलं. मिराशी मास्तर आमच्यापासून चार घरं सोडून राहत. त्या आठवड्यात बाबा तिकडे जाताना दिसले की मी आत जायची.

पत्रात माफी होती. फॉर्म मुलीने भरला हेही होतं, कारण बाबांच्या मते आजोबांना तरी सगळं कळायला हवं होतं. शेवटी ते सात-आठ प्रश्न होते. ते बाबांनी वगळले नाहीत. "वाटला तर सांगतले," ते म्हणाले.

कार्डं तेवीस होती. मी ती एका पुठ्ठ्याच्या खोक्यात रचली, मध्ये मध्ये कागद घालून. बगळ्याचं सगळ्यांत वर होतं. बाबांनी ते शेवटचं असं हातात घेऊन बघितलं नाही. खोकं कापडात शिवून घेतलं आणि स्वतः पोस्टात नेऊन दिलं.

आठ दिवसांनी गद्रे आले. ते चिडलेले नव्हते, वैतागलेले होते.

"भिकाजी, तुमचं पत्र मी वर पाठवलेलं नाही. जपानातून इथे कोण बघायला येतंय? ऑर्डर पुरी करा. मी पत्र फाडून टाकतो."

"म्हाताऱ्यान बघितल्यान मा," बाबा म्हणाले.

"अहो, पण तुमचं नुकसान..."

"तेंच्या घरात तो जेवलो नाय, साहेब."

गद्र्यांनी पत्र वर पाठवलं. प्रशस्तिपत्रक परत घेऊन गेले. दुकानाने ऑर्डर रद्द केली. चौसष्ट तबकं पुरी झाली होती. बाबांनी आणि मी ती एकेक करून घासली, आधी कानशीने, मग पॉलिश कागदाने. लाख निघाली की पांढरा रंग भुकटीसारखा हाताला लागायचा. आई म्हणाली, "निदान घरात एक ऱ्हवांदे." बाबांनी नुसती मान हलवली. पुढे त्या तबकांवर त्यांनी वेलबुट्टी काढली आणि बाजारात ती हळूहळू खपली. जूनमध्ये ते मुंबईला गेले. नऊ वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या.

पण जायच्या आधी, मे महिन्यात, किमिकोचं पत्र आलं.

मी घरातच होते. पोस्टमनने पाकीट बाबांच्या हातात दिलं. नाव माझं होतं. बाबांनी ते उलटसुलट करून बघितलं, पडवीतल्या चौरंगावर ठेवलं आणि आपण समोर बसले. मला वाटलं, ते आता पाकीट घेऊन मास्तरांकडे जायला उठतील. मास्तर अंगणात सुपाऱ्या वाळत घालत होते, आमच्या पडवीतून दिसत होते.

"उघड," बाबा म्हणाले.

मी पाकीट उघडलं. पहिली ओळ मनात वाचली आणि पुढची वाचायची थांबले.

"वाच," ते म्हणाले. "आधी मनात नको. मोठ्यान वाच."

मी वाचलं. एकेक ओळ आधी इंग्रजीत, मग मराठीत.

"आजोबा दोन मार्चला वारले. त्यांना थंडी बाधली आणि ती छातीत उतरली. तुझ्या वडिलांचं पत्र आणि कार्डांचं खोकं तेरा मार्चला आलं."

बाबांचा चेहरा मी बघत नव्हते. पुढे वाचलं.

"मी पत्राचं जपानी केलं आणि आजोबांच्या फोटोसमोर बसून मोठ्याने वाचलं. आई म्हणाली, मोठ्याने कशाला. पण मी वाचलं. तुझ्या वडिलांनी जे प्रश्न विचारले आहेत, त्यांची उत्तरं आता आमच्या घरात कोणालाच माहीत नाहीत. आजोबांना ती सांगायला आवडलं असतं. ते कोणाला शिकवू शकले नाहीत."

मी थांबले.

"पुढे," बाबा म्हणाले.

"आजोबा जाताना तुझ्या वडिलांना चोर समजत होते. हे मला लिहावंसं वाटत नाही, पण ते तसंच आहे."

ते वाक्य मी वगळू शकत होते. बाबांना कधी कळलं नसतं. मास्तर त्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने मुलाकडे जाणार होते आणि ते परत येईपर्यंत बाबा मुंबईला गेलेले असणार होते. मी ते इंग्रजीत वाचलं आणि त्याचं मराठी केलं. चोर या शब्दाला दुसरा सौम्य शब्द होता, तो मी घेतला नाही.

"आणि?"

"मी तुझ्यावर अजून रागावलेले आहे. राग गेला की लिहीन. किमिको."

"झाला?"

"झाला."

 आई पदराने डोळे पुसून आत गेली. बाबांनी हात पुढे केला, मी कागद दिला. त्यांना एकही अक्षर लागत नव्हतं, तरी ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत बघत गेले. मग मास्तरांच्या अंगणाकडे बघितलं. मास्तरांनीही आमच्याकडे बघून हात वर केला. बाबांनी हात वर केला आणि खाली घेतला. ते उठले नाहीत.

थोड्या वेळाने त्यांनी कागद माझ्याकडे परत दिला.

"परत एकदा वाच," ते म्हणाले.

मी पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.